नावाआधी गुण

औषधाच्या जन्मासंबंधी सर्वसाधारण समजूत अशी असते की, प्रयोगशाळेत प्रथम एखादे द्रव्य सापडते, त्याला नाव मिळते, त्याची रासायनिक घटना उलगडते आणि अखेरीस ते रोग्याच्या हाती पडते. फॉलिक आम्लाच्या बाबतीत हा क्रम सर्वस्वी उलटा घडला. हे द्रव्य कोणी पाहिले नव्हते, त्याचे नाव ठरले नव्हते, ते कशाचे बनले आहे याची कल्पनाही कोणास नव्हती. आणि तरीही सन १९३० च्या सुमारास मुंबईच्या रुग्णालयांतील गरोदर स्त्रिया त्याच्यामुळे मृत्यूच्या दारातून परत येत होत्या. आज गावोगावच्या आरोग्यकेंद्रांतून गर्भवतींना जी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते, तिच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय परळच्या हाफकिन संस्थेत आणि मुंबईच्या गरीब वस्तीत लिहिला गेला, ही गोष्ट मराठी माणसाच्याही फारशी स्मरणात नाही.

सन १९२८ ची मुंबई डोळ्यांपुढे आणली म्हणजे या संशोधनाची पार्श्वभूमी ध्यानात येते. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचे भोंगे जवळजवळ थंडावले होते. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबई कायदेमंडळात स्त्री-कामगारांना बाळंतपणाच्या काळात साहाय्य देण्यासंबंधीचे विधेयक चर्चेस आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. पुढच्या वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, त्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले. गिरणीत दिवसभर राबणारी, चाळीतल्या एका खोलीत संसार करणारी आणि बाळंतपणाच्या उंबरठ्यापर्यंत कामावर जाणारी स्त्री ही केवळ कुटुंबाच्या काळजीचा विषय नाही, तिच्या जिवाचा हिशेब समाजानेही ठेवला पाहिजे, हा विचार त्या काळी मूळ धरू लागला होता.

परंतु हिशेब ठेवावयाचा तर मृत्यूचे कारण ठाऊक असावे लागते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, दोन पायऱ्या चढताच धाप लागे, जीभ लाल होऊन अन्न नकोसे होई. बाळंतपणाचा ताण अशा शरीरास सोसत नसे. कित्येकदा आई जाई, कित्येकदा मूल जाई, आणि पुष्कळदा दोघेही जात. घरात या सगळ्याला बाळंतरोग, पांडुरोग अथवा नुसतेच ‘अंगात रक्त नाही’ असे म्हटले जाई. वैद्यकाच्या भाषेत तो रक्तक्षयच होता. पण एका विशिष्ट प्रकारचा. नेहमीच्या रक्तक्षयात, शरीराला लोह कमी पडल्यामुळे, रक्तातील तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. येथे पेशींची संख्या भयंकर घटलेली असे. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता ज्या पेशी उरल्या असतील त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाची औषधे देऊन या रोगात उतार पडत नसे.

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी हाफकिन संस्थेत माता-मृत्यूंची चौकशी सुरू झाली. ही संस्था मुळात प्लेगाशी झगडण्यासाठी उभी राहिलेली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. प्लेगाच्या वेळी शत्रू बाहेरून आलेला जंतू होता. या नव्या चौकशीत शत्रू कोण, याचाच शोध घ्यावयाचा होता. चौकशीच्या कामात डॉ. मार्गारेट बाल्फर या अनुभवी स्त्री-डॉक्टर पुढाकार घेत होत्या, आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९२८ मध्ये इंग्लंडहून डॉ. लुसी विल्स मुंबईस आल्या.

लुसी विल्स यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराजवळचा. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि तेथे त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले. त्यानंतर वैद्यकाकडे वळून त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० मध्ये पदवी संपादन केली. या विद्यालयाचे मुंबईशी जुने नाते आहे. बालपणी झालेला विवाह अमान्य करून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई याच विद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या आणि मायदेशी परतल्यावर प्रथम मुंबईच्या कामा रुग्णालयात रुजू झाल्या होत्या. स्त्रियांनी स्त्रियांवर उपचार करावेत म्हणून १८८६ मध्ये उघडलेले हे रुग्णालय. ज्या परंपरेतून रखमाबाई घडल्या, त्याच परंपरेतून तीस-पस्तीस वर्षांनी विल्स मुंबईत आल्या. आणि पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या स्त्रियांची दुखणी त्यांना जवळून पाहता आली.

त्या वेळी रक्तक्षयासंबंधीचे ज्ञान एका मोठ्या वळणावर आले होते. ज्याला ‘पर्निशस’ म्हणजे प्राणघातक रक्तक्षय म्हणत, त्या रोगावर १९२६ पर्यंत कोणताही उपाय नव्हता. त्या वर्षी बोस्टन येथे जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी असे दाखवून दिले की, रोग्यास दररोज भरपूर यकृत खाऊ घातले तर तो बरा होतो. कुत्र्यांवरील प्रयोगांतून या मार्गाची दिशा दाखविणारे जॉर्ज व्हिपल आणि हे दोघे यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतील गर्भवतींच्या रक्ताचे चित्र या घातक रक्तक्षयाशी पुष्कळच जुळत होते. तथापि काही खुणा जुळत नव्हत्या. घातक रक्तक्षयात पुढेपुढे मज्जारज्जूवर परिणाम होतो, हातपाय बधिर होतात. तसा प्रकार या स्त्रियांत दिसत नसे. शिवाय घातक रक्तक्षय हा एकदा जडला की आयुष्यभराचा सोबती. येथे मात्र बाळंतपण निभावले तर पुष्कळदा स्त्री सावरत असे. तेव्हा रूप सारखे असले तरी रोग एक नसावा, अशी शंका घेण्यास जागा होती.

विल्स यांनी आपल्या कामाचा प्रारंभ अत्यंत साध्या प्रश्नाने केला: ही स्त्री काय खाते? आज हा प्रश्न स्वाभाविक वाटेल. पण जंतुशास्त्राच्या वैभवाच्या त्या काळात प्रत्येक रोगामागे जंतू शोधण्याची सवय वैज्ञानिकांना लागली होती. विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंचाही शोध घेतला. या रोगाचे कारण ठरेल असे त्यांत काही हाती लागले नाही. तेव्हा मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील आणि समाजांतील स्त्रियांच्या राहणीची व आहाराची पाहणी करण्यात आली. डॉ. मेहता आणि डॉ. तळपदे यांच्यासारखे मुंबईचे सहकारी विल्स यांना लाभले होते. आहाराच्या पाहणीवरील १९३० च्या निबंधावर विल्स यांच्याबरोबर तळपदे यांचे नाव आहे. परक्या डॉक्टरीणबाईंना या शहरातील स्वयंपाकघरांचे दार असे स्थानिक माणसांच्या सोबतीनेच उघडले असणार.

पाहणीतून जे चित्र उभे राहिले ते बोलके होते. रोग सर्व वस्त्यांत सारखा पसरलेला नव्हता. जेथे आहार अत्यंत निकृष्ट होता, दूध, ताजी भाजी आणि फळे ही चैनीची वस्तू होती, तेथे त्याचे प्रमाण अधिक होते. गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत अपुरा आढळला आणि रोगही त्यांच्यातच सर्वाधिक दिसला. सुस्थितीतील घरांत तो क्वचितच डोकावे. पोट भरत असेलही. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तक्त्यांतून स्पष्ट झाले. आहारात काहीतरी नव्हते. ते काय, हा पुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगाची कास धरणे भाग होते. निलगिरीतील कुन्नूर येथे पोषणासंबंधी संशोधनाचे एक केंद्र होते; रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तेथे १९१८ मध्ये एका खोलीच्या प्रयोगशाळेपासून या कामास सुरुवात केली होती. विल्स यांनी १९२९ मध्ये तेथे जाऊन उंदरांवर प्रयोग केले. मुंबईच्या गरीब स्त्रीच्या ताटात जे पडत होते, त्याच धर्तीचा आहार उंदरांच्या माद्यांना देण्यात आला. त्या क्षीण झाल्या, त्यांच्या रक्ताचे प्रमाण घसरले आणि काही दगावल्या. त्याच आहारात यीस्ट मिसळले असता हा परिणाम टळत असे. पण उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणाऱ्या एका जंतूनेही त्यांना रक्तक्षय होतो असे आढळल्यामुळे या प्रयोगाचा निष्कर्ष निखळ राहिला नाही. प्रामाणिक संशोधकापुढे अशा वेळी एकच वाट असते: प्रयोग पुन्हा, अधिक काटेकोरपणे करणे. पुढे विल्स यांनी माणसाला अधिक जवळच्या प्राण्याची, म्हणजे माकडाची निवड केली. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना स्त्रियांच्या रक्तक्षयासारखाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. आणि यीस्टचा अर्क देताच त्यांचे रक्त सुधारू लागले.

हा यीस्टचा अर्क म्हणजे तरी काय? इंग्लंडात मद्य आंबविण्याच्या कारखान्यांत काम संपल्यावर उरलेले किण्व पूर्वी टाकाऊ समजले जाई. १९०२ पासून बर्टन गावी त्यापासून ‘मार्माइट’ नावाचा काळसर, खारट, दाट पदार्थ तयार होऊ लागला. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. विल्स यांनी हा स्वस्त पदार्थ मुंबईच्या रोगी स्त्रियांना दिला. परिणाम पाहण्याची कसोटी कडक होती. मज्जा पुन्हा कामाला लागली की रक्तात नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. मार्माइट दिल्यावर काही दिवसांतच ही संख्या झपाट्याने वाढे. अंथरुणास खिळलेली स्त्री अन्न मागू लागे, उठून बसे. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृतानेही हा रोग बरा होत असे. पण यकृत महाग, आणि शाकाहारी स्त्रीला ते देणार कसे? कारखान्यातील उरल्यासुरल्या किण्वापासून बनलेला हा अर्क गरिबाला परवडणारा होता आणि कोणाच्या सोवळ्याओवळ्याच्याही आड येत नव्हता.

एवढ्यावर समाधान मानले असते तरी विल्स यांचे नाव उपकारकर्त्यांत राहिले असते. परंतु त्यांच्या निरीक्षणातील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. घातक रक्तक्षयावर तोपर्यंत यकृताचा शुद्ध केलेला, टोचून द्यावयाचा अर्क तयार झाला होता. जितका अर्क शुद्ध तितका तो गुणकारी, अशी अपेक्षा असणे साहजिक होते. मुंबईच्या स्त्रियांच्या बाबतीत उलट अनुभव आला. कच्चे यकृत आणि त्याचा साधा अर्क गुण देई. शुद्ध अर्क मात्र निष्प्रभ ठरे. याचा अर्थ असा की, शुद्धीकरणाच्या खटाटोपात जे टाकून दिले जात होते, त्यातच या स्त्रियांचे औषध होते. यकृतात एक नव्हे, दोन निराळी रक्तवर्धक द्रव्ये असली पाहिजेत. यीस्टमध्ये त्यांपैकी एक विपुल असले पाहिजे. विल्स यांनी १९३० नंतरच्या दशकात हा भेद पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखविला, आणि त्या अनामिक द्रव्यास वैद्यकीय जगात ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसरे द्रव्य म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व; ते शुद्ध स्वरूपात १९४८ मध्ये हाती आले.

या अनामिकाच्या मागे मग अनेक दिशांनी शोध सुरू झाला. गंमत अशी की, शोध घेणाऱ्यांना आपण एकाच वस्तूचा माग काढीत आहोत याची बराच काळ जाणीव नव्हती. कोणी माकडांच्या पोषणास लागणारे द्रव्य शोधीत होते आणि त्यास ‘एम’ जीवनसत्त्व म्हणत होते. कोणी कोंबडीच्या पिलांचा रक्तक्षय टाळणारे द्रव्य शोधीत होते. कोणी दुधात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंना कशाची भूक असते हे पाहत होते. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या भाजीपासून या द्रव्याचा अगदी अल्प अंश वेगळा केला. लॅटिन भाषेत पानास ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्यांनी या द्रव्यास ‘फॉलिक आम्ल’ असे नाव दिले. पालेभाजीतून निघालेले म्हणून पानाचे नाव मिळालेले हे द्रव्य. मुंबईतील ज्या स्त्रियांच्या ताटात पालेभाजी नव्हती, त्यांच्या रक्तातही ते नव्हते.

चार टन भाजीपासून मिळणारे औषध व्यवहारात निरुपयोगीच. ते कृत्रिम रीतीने बनविण्याचा मान न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेस मिळाला, आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रे एका भारतीयाच्या हाती होती. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना ते खादी वापरीत. शस्त्रक्रियेच्या वेळचा अंगरखाही त्यांनी खादीचाच घातला म्हणून इंग्रज प्राध्यापकाची मर्जी खप्पा झाली आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. स्प्रू नावाच्या, अन्न अंगी न लागणाऱ्या उष्ण कटिबंधातील रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले होते. या रोगातही रक्ताची तीच दशा होते आणि फॉलिक आम्लाचा अभाव हे तिचे एक कारण असते, हे पुढे उघड झाले. १९२३ मध्ये सुब्बाराव अमेरिकेस गेले, हार्वर्ड येथे त्यांनी कीर्ती मिळविली, १९४० मध्ये लेडर्लीत आले. आणि १९४५ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोठ्या तुकडीने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी अमेरिकन डॉक्टर टॉम स्पाइज यांनी ते रोग्यांना देऊन गर्भवतींच्या मोठ्या पेशींच्या रक्तक्षयातही त्याचा गुण येतो असे दाखविले. मुंबईत मार्माइटच्या चमच्यातून दिले जात होते ते द्रव्य आता पिवळ्या भुकटीच्या रूपाने बाटलीत आले.

हे द्रव्य शरीरात करते तरी काय, याचे उत्तरही क्रमाने मिळाले. पेशीची वाढ होऊन तिच्या दोन पेशी होताना आनुवंशिकतेचा सगळा मजकूर नव्याने उतरवून काढावा लागतो. त्या मजकुराची अक्षरे जुळविण्यासाठी कार्बनचा एकेक अणू इकडून तिकडे पोहोचविण्याचे काम फॉलिक आम्लापासून बनलेली द्रव्ये करतात. ती कमी पडली की पेशी वाढते, फुगते, पण वेळेवर दुभंगत नाही. म्हणून रक्तात मोजक्याच, पण मोठ्या पेशी दिसतात. गर्भात तर पेशींचे विभाजन अहोरात्र चाललेले असते. तेव्हा आईच्या तुटपुंज्या साठ्यावर तेथूनच पहिली मागणी येते. गरोदरपणातच हा रोग का उफाळून येई, याचे इंगित त्यात आहे.

ज्ञान वाढले तसे त्याचे धोकेही समजले. फॉलिक आम्लाने घातक रक्तक्षयाच्या रोग्याचे रक्तही सुधारते असे पाहून आरंभी काहींना वाटले की, आता यकृताची गरज उरली नाही. परंतु त्या रोग्यांच्या मज्जारज्जूची हानी थांबत नव्हती. रक्त सुधारल्यामुळे रोग झाकला मात्र जात होता. बी-१२ चा अभाव फॉलिक आम्लाने भरून निघत नाही, हा धडा वैद्यकाने कायमचा गिरविला. दोन द्रव्यांमधील जो भेद विल्स यांनी मुंबईत पाहिला होता, त्याचेच हे दुसरे अंग.

दुसरा धडा याहून अनपेक्षित होता. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांत असे आढळले की, फॉलिक आम्लासारखी द्रव्ये दिल्यास रोग्याच्या दूषित पेशी अधिकच जोमाने वाढतात. तेव्हा त्यांनी उलट विचार केला: या पेशींना फॉलिक आम्लाची उपासमार घडविली तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्लाचे रूप घेऊन पेशीला फसविणारी द्रव्ये तयार करून दिली. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी अशा सोळा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहांना, तात्पुरता का होईना, आराम पडला होता. त्यापूर्वी या रोगावर औषध असे नव्हतेच. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट या औषधाने १९५६ मध्ये ली आणि हर्ट्‌झ यांनी वारेपासून उद्भवणारा, तरुण मातांचा जीव घेणारा एक कर्करोग आटोक्यात आणला. आजही ते औषध कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाते. गर्भवतीच्या आहारापासून निघालेली वाट अशा रीतीने कर्करोगाच्या औषधापर्यंत जाऊन पोहोचली.

लुसी विल्स १९६४ मध्ये कालवश झाल्या. ज्या द्रव्याचा त्यांनी माग काढला, त्याचा आणखी एक मोठा गुण त्यांच्या पश्चात सिद्ध झाला. गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटून पूर्ण होते. ती नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यातील व्यंग घेऊन जन्मते किंवा जगतच नाही. इंग्लंडात हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी या व्यंगाचा संबंध फॉलिक आम्लाच्या अभावाशी असावा असे सुचविले होते. त्याची निर्णायक परीक्षा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. सात देशांतील ३३ केंद्रांत, ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते अशा १,८१७ स्त्रियांची त्यात नोंद होती. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत हा धोका ७२ टक्क्यांनी घटला. परिणाम इतका स्पष्ट होता की, तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. १९९८ पासून अमेरिकेत पिठासारख्या धान्यपदार्थांत फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले आणि अशा जन्मांचे प्रमाण तेथे लक्षणीयरीत्या उतरले. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे: आपण गरोदर आहोत हे पुष्कळ स्त्रियांना कळते, तेव्हा ते चार आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणजे औषध पोहोचावयाचे ते आधीच पोहोचले पाहिजे.

पोहोचण्याचा हा प्रश्नच या इतिहासाच्या मुळाशी आहे. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादेस आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्यासारख्या मराठी संशोधकानेही तिचे संचालकपद भूषविले. १९७० पासून भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक आम्ल देण्याची राष्ट्रीय योजना आहे. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या नावाने ती अधिक विस्ताराने राबविण्यात आली. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. यात लोहाच्या अभावाचा वाटा मोठा आहे. फॉलिक आम्ल हे अनेक कारणांपैकी एक. परंतु ही दोन्ही द्रव्ये आज स्वस्त आहेत, त्यांचे गुण निर्विवाद आहेत, आणि पालक, मेथी, चवळी, हरभरा, भुईमूग यांच्या रूपाने फॉलिक आम्ल तर बाजारच्या टोपलीत पडलेले असते. फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले की त्याचा पुष्कळसा भाग वाया जातो, एवढे गृहिणीने ध्यानी ठेवले तरी पुरे.

या कथेतील डॉक्टरांची नावे ग्रंथांतून राहिली. मुंबईतील ज्या स्त्रियांनी घरात काय शिजते ते विचारणाऱ्यांस सांगितले, बोटातून रक्त काढू दिले, ओळख नसलेला तो काळा, खारट अर्क विश्वासाने गिळला, त्यांची नावे कोठेच राहिली नाहीत. त्या द्रव्याला पुढे नाव मिळाले. त्यांना मिळाले नाही. त्यांच्यामुळे जे कळले ते तीनच शब्दांचे होते: ती काय खाते? हा प्रश्न विचारण्यासाठी १९२८ मध्ये एक स्त्री समुद्र ओलांडून परळपर्यंत आली. आज तो विचारण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. घरातल्या पंगतीत सर्वांच्या मागून जेवावयास बसणारीच्या ताटात डोकावून पाहिले, आणि त्या ताटात जे कमी आहे ते आधी वाढले, तर या संशोधनाचे ऋण खऱ्या अर्थाने फिटू लागेल.